चौसष्ट अक्षरं आणि सुमनजींचं बोट

हे मी घरीसुद्धा बोललेलो नाही. एकदा बायकोला सांगायला म्हणून तोंड उघडलं — आणि चहात साखर कमी आहे असं म्हणालो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुमच्यापाशी जमेल. जमतंय का बघू.

मी इंदूरला, विजय नगरातल्या एका लहानशा कंपनीत आहे. दवाखान्यांचे संगणक सांभाळणं हे आमचं काम. नवं सॉफ्टवेअर आलं की ते बसवण्याआधी फाइल तपासावी लागते. काळ्या खिडकीत एक कमांड टाइप केली की त्या फाइलचा हॅश येतो — अक्षरं आणि आकडे मिळून चौसष्टांची एक ओळ. फाइलमध्ये एक टिंब बदललं तरी ती ओळ पार बदलून जाते. खरी ओळ सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी त्यांच्या वेबसाइटवर दिलेली असते. दोन्ही जुळल्या, की दुसऱ्या कमांडनं त्यांची डिजिटल सही तपासायची. मग रजिस्टरमध्ये हॅश लिहायचा, खाली आपली सही ठोकायची. तपासणारा एक आणि बसवणारा दुसरा, असा आमचा नियम. तपासायचो मी. बसवायच्या सुमनजी.

सुमनजी परदेशीपुऱ्यातल्या. वडील मिलमध्ये कारकून होते. त्या टायपिंग करत करत इथवर आल्या, आणि कमांड शिकल्या पंचेचाळिशीत, वहीत उतरवून घेत. काम त्यांचं नसलं तरी हॅश त्या स्वतः एकदा ताडून बघायच्याच. पडद्यावर बोट ठेवून, चार-चार अक्षरं मोठ्यानं वाचत. मी सगळ्यांदेखत विचारायचो, "सुमनजी, जप झाला का?" त्या हसायच्या. आमच्या इंदुरी बोलीत भैयाचं भिया होतं; एकदा म्हणाल्या, "भिया, तू पहली चार बघतो अन् आखरी चार बघतो, मला मालूम आहे. बीच में काही गडबड असली तर?"

खरंच मी तेवढंच बघायचो. आणि रजिस्टरमधली हॅशची चौकट? ती रिकामीच सोडायचो. नुसतं 'जुळले' लिहून सही करायची, आणि आठवड्याची सगळी अक्षरं शुक्रवारी एकदम भरायची. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही.

त्या सोमवारी सकाळी बनवणाऱ्यांची वेबसाइट उघडतच नव्हती. सुमनजींना गौतमपुऱ्याकडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं, गाडी खाली उभी होती. टेबलावर माझे पोहे निवत होते. होय, पोहे. याहून मोठं कारण असतं तर मी आनंदानं सांगितलं असतं. मी भलत्याच एका साइटवरून फाइल उतरवली. ताडायला खरी ओळ समोर नव्हती, सही तपासायची कमांड दिलीच नाही. पेन ड्राइव्हवर फाइल टाकली, 'जुळले' लिहिलं, सही केली. सुमनजींनी विचारलं, "मिलवलं ना नीट? आज मला टाइम नाही." मी तोंडात घास असतानाच मान हलवली.

दुपारपर्यंत त्या दवाखान्यातले सगळे संगणक कुलूपबंद झाले. फाइलमध्ये कुणीतरी विष कालवलं होतं. डोळ्यांत थेंब घालून शस्त्रक्रियेसाठी बसवलेली म्हातारी माणसं तशीच घरी पाठवावी लागली, कारण कुणाचा कुठला डोळा, कुठलं औषध, सगळं त्या संगणकांत होतं. सुमनजींचा फोन आला तेव्हा त्या रडत होत्या.

इथवर हा आळस आहे. आळस माणूस कबूल करू शकतो. त्या क्षणी मी उठून साहेबांकडे जाऊन सांगितलं असतं, तर आज हे लिहीत बसलो असतो का? पण मी उठलो तो रजिस्टर आणायला.

वेबसाइट आता उघडत होती. मी त्यांच्या पानावरची खरी ओळ समोर ठेवली आणि सकाळच्या रिकाम्या चौकटीत उतरवली. चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं, सुवाच्य. आयुष्यात पहिल्यांदा मी एकही अक्षर गाळलं नाही. सकाळी वापरलेल्याच पेनानं लिहिलं. मग माझ्या संगणकावरची ती फाइल पुसून टाकली. मध्ये एकदा तरी थांबलो का? नाही. तेच तर —

चौकशीला दोघं आले. त्यांनी सुमनजींच्या पेन ड्राइव्हवरच्या फाइलचा हॅश काढला. तो रजिस्टरशी जुळेना. म्हणजे मी तपासली ती फाइल शुद्ध, आणि सुमनजींनी बसवली ती दुसरीच. हिशेब किती सरळ! सुमनजी पुन्हापुन्हा म्हणत राहिल्या, "भियानं दिली तीच चलवली मी." मग त्यांनी स्वतःच रजिस्टर मागितलं.

वेबसाइटवरची ओळ एका बाजूला, माझं अक्षर दुसऱ्या बाजूला. त्यांनी बोट ठेवलं आणि वाचायला लागल्या. चार अक्षरं, मग चार, मग पुढची चार. मी मनात देवाचा धावा करत होतो — तो कशासाठी, सांगू? एखादं अक्षर माझ्याकडून चुकलेलं नसू दे, म्हणून. सोळा वेळा त्यांचं बोट थांबलं आणि पुढे सरकलं. मग त्यांनी रजिस्टर मिटलं. "बराबर आहे," त्या म्हणाल्या. "भियानं बरोबर मिलवलं होतं. मग माझ्याच हातून काहीतरी झालं असेल."

माझ्या एका चौकटीपायी त्यांनी स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास सोडला. त्याच आठवड्यात त्यांना काढून टाकलं.

आता त्या परदेशीपुऱ्यात एका झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरतात. गेल्या महिन्यात मी तिथं जाऊन उभा राहिलो. सांगायलाच गेलो होतो, शपथेवर. त्या कुणाचा तरी नंबर बोट ठेवून वाचत होत्या, आणि तो संपल्यावर तोच पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागल्या. पूर्वी एकदाच वाचायच्या. मला बघून त्यांनी हातातलं काम ठेवलं, स्टूल पुढे केलं, चहा मागवला.

"भिया, माझ्यापायी तुला पण किती सवाल झेलायला लागले," त्या म्हणाल्या. "मला अजून समजत नाही, ती दुसरी फाइल मी उचलली कुठून."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी चहा संपवला.

"हो जाता है, सुमनजी," मी म्हणालो.