जंप दिलेलं मशीन

आधी मावशींचं सांगते, मग बाकीचं. तुर्भ्याच्या प्लॅस्टिकच्या कारखान्यात त्या माझ्या शेजारच्या मशीनवर होत्या. खाडीकाठच्या जुन्या गावातल्या. त्यांची भातशेती नव्या शहरात गेली होती. आज माझे दोन्ही हात धड आहेत ते त्यांच्यामुळे.

मी सांगोल्याकडची. सहावीत शाळा सुटली. कोपरखैरण्याला दादा-वहिनीकडे आले तेव्हा दादाने स्पष्ट सांगितलं, काम टिकलं तर राहा, नाहीतर गावाला जा. गावाला मला नको असलेलं लग्न ठरवून ठेवलेलं होतं. त्यामुळे सुपरवायझर नुसता जवळून गेला तरी मी मान खाली घालून हात भराभर चालवायचे.

इंग्रजी शब्द मला मोजकेच येत. जंप त्यातलाच. पुस्तकात बेडकाचं चित्र होतं आणि बाई म्हणायच्या, जंप म्हणजे उडी. कारखान्यात हा शब्द दिवसभर कानावर पडायचा, उडी मात्र कुणीच मारत नव्हतं. कुणी जास्त पगारावर दुसरीकडे गेलं की त्याने ‘जंप मारली’. मालाचा काउंटर मधलाच आकडा सोडून पुढे गेला की तो ‘जंप झाला’. आणि इलेक्ट्रिशियन मशीनला ‘जंप द्यायचा’, ते काय असतं मला कळेना.

मावशींना विचारलं तर हसल्या. “अगो, तुज्या बेडकाची उडी नाय ती! ह्यो दरवाजा उघडला का मशीन थांबतं ना? मंग मधे वायर टाकायची. दरवाजा उघडा रावला तरी साचा चालूच. मालकाला माल पायजे, आपला हात गेला तरी त्याला काय!”

वायर बाहेरून दिसायची नाही. म्हणून बायकांनी आपली रीत पाडली होती. मशीनला जंप दिला की दरवाजाच्या मुठीला केसांची लाल रिबीन बांधायची. रिबीन दिसली की उघड्या दरवाजातून हात घालायचा नाही, चिमटा वापरायचा. हे मला मावशींनीच शिकवलं. रोज बसण्याआधी ओरडायच्या, “रिबीन बघितलीस का गो?”

खंडेनवमीला मशीनं धुतली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. धुताना जुन्या चिंध्या, दोरे सगळं निघालं. माझ्या मशीनची रिबीनही त्यातच गेली. आतली वायर तशीच राहिली.

दसऱ्यानंतर कामावर बसले. मुठीला फक्त माळ होती. मला वाटलं, सणाला वायर काढली असेल. पहिलाच डबा साच्यात अडकला. सुपरवायझर मागून म्हणाला, “काय मॅडम, सुट्टी संपली नाय का अजून?” मी घाबरून दरवाजा उघडला आणि हात आत घातला.

मावशींनी ते बघितलं. माझं कोपर धरून मला मागे ओढलं. मी मागे पडले, त्यांचा तोल पुढे गेला. आधाराला त्यांनी उजवा हात टेकला तो साच्यावरच. मशीन काही थांबलं नाही, साचा मिटला.

तीन बोटं गेली. ऑफिसातला माणूस म्हणाला, “स्वतःचं मशीन सोडून दुसऱ्याच्या मशीनपाशी कशाला गेली?” मी सांगितलं, माझ्यासाठी आल्या. त्याने ऐकून घेतलं आणि चहा मागवला. मावशींना परत कामावर घेतलं नाही. माझं काम राहिलं. लग्न टळलं.

त्यांच्या घरी गेले तेव्हा पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. कोलंबी सोलायचं काम सुनेकडे गेलं होतं. मी रडायला लागले.

“रडतेस काय? जीभ शाबूत हाय माजी. सुनेला पुरून उरन.”

सून आतून म्हणाली, “तेच तर टेन्शन हाय!” आम्ही तिघीही हसलो. मग मावशी हळू आवाजात म्हणाल्या, “नातीची वेनी घालता येत नाय गो.”

जाताना त्यांच्या पाया पडले. मनात आलेलं तोंडातून निघालं नाही, म्हणून इथे लिहिते. मावशी, भाड्याची का होईना, एक दिवस मी माझी स्वतःची खोली घेईन. सुनेशी वाजलं तरी या, नाही वाजलं तरी या. तुमची कोलंबी मी सोलेन, घास मी भरवेन. तुम्ही नुसतं बसून मला बोल लावायचे.