कलाबाईंचे पोहायचे भोपळे

नोकरीची सगळी वर्षं मी सातपूरच्या एका कारखान्यात खरेदी विभागात काढली. वस्तू घेताना दर, दर्जा आणि पोच या तीन गोष्टी पाहायच्या, असं कॉलेजात शिकलो आणि तसंच करत आलो. चौथा प्रश्नही असतो, हे मखमलाबादच्या मळ्यातल्या एका बाईंमुळे लक्षात आलं. त्यांचं नाव कलाबाई.

आम्ही तेव्हा मखमलाबाद नाक्याजवळ राहायला होतो. १९९५ सालचा उन्हाळा असेल. माझी मुलगी वेदिका पोहायला शिकायचं म्हणून हट्ट धरून बसली होती. तरणतलावावर मुलग्यांची गर्दी, त्यामुळे आमच्या सौभाग्यवती तिला तिकडे धाडायला तयार नव्हत्या. शेजारच्या शुभांगीताई शिक्षिका होत्या. त्यांनी सांगितलं, की भाजीवाल्या कलाबाई त्यांच्या विहिरीत मुलींना शिकवतात. दुपारी दोन तास विहिरीकडे पुरुष फिरकत नाहीत. मुली जुने पंजाबी ड्रेस घालून उतरतात.

कलाबाई तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. सावळ्या, रुंद खांद्यांच्या, आवाज खणखणीत. चौथीपर्यंत शिकलेल्या. मेथी, वांगी, दोडकी, दुधी असा त्यांचा मळा. पती गोटीराम भल्या पहाटे भाजी तोडायचे, आणि बुधवारी ती गंगेवरच्या, म्हणजे नदीकाठच्या, बाजारात घेऊन बसायचे. पहिल्या दिवशी मी विचारलं, "तुम्हाला हे शिकवायचं मनात कसं आलं?"

"भाऊ, आमच्याकडच्या बायकांचा जन्म विहिरीवर जातो," त्या म्हणाल्या. "अन् वाकून पाहायला भितात. रोज जिच्या काठाला जायचं तिलाच भ्यायचं, हे काय जगणं हाय का? माझ्या बापानं मला पाठीला दोन वाळके भोपळे बांधून नदीत सोडलं होतं. तवापासून मी नाय भेले."

ते भोपळे आता कुणाकडे राहिले नव्हते. कलाबाई ट्रकच्या जुन्या ट्यूबा वापरत. मोठ्या मुलींना त्या चालत. वेदिकाएवढ्या लहानग्या मात्र ट्यूबमधून खाली सटकत. म्हणून आम्ही पालकांनी मिळून थर्माकोलचे जाड ठोकळे आणले, पट्टे लावलेले. पांढरेशुभ्र, वजनाला काहीच नाहीत. मुली खूश झाल्या.

विहीर मात्र खूश झाली नाही. दगडी कडांवर घासून ठोकळ्यांचे दाणे सुटू लागले. साबुदाण्यासारखे ते पाण्यावर तरंगत, कोपऱ्यात जमत. ती विहीर सामाईक होती. निम्मी गोटीरामांची, निम्मी त्यांच्या थोरल्या भावाची, रावजींची. दोघांच्या पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. मे महिन्यात पाणी तळाला गेलं आणि ऐन रावजींच्या पाळीत पंप पाणी खेचेना. पाइपाच्या तळाच्या तोंडाला मळ्यात सगळे फुटबॉल म्हणतात. तो वर काढला, तर त्याच्या जाळीत पांढऱ्या दाण्यांचा लगदा बसलेला. रावजींचे टोमॅटोचे वाफे तोवर माना टाकून बसले होते.

रावजी मूठभर लगदा घेऊन भावाच्या ओट्यावर आले. आम्ही पालक मुलींना न्यायला तिथेच होतो.

"हे खोबरं कुणाच्या लग्नातलं?" त्यांनी विचारलं.

कलाबाईंनी पदर सावरला. "चुकलं, भाऊजी. मी साफ करते."

"तू किती साफ करशील? हे वाफ्यात गेलं, मातीत गेलं. हे ना कुजतं, ना मरतं. पुढच्या उन्हाळ्यात जर एक दाणा दिसला ना, तर विहिरीवर लोखंडी जाळी टाकून कुलूप ठोकतो. मग पोहा म्हणावं परातीत!"

कलाबाई एवढंच म्हणाल्या, "एक दाणा दिसला तर कुलूप मीच आणून देईन."

वर्ग चालणार की बंद पडणार, ते आता मुली कशाच्या आधाराने तरंगतात यावर होतं. शुभांगीताईंनी लगेच उपाय सुचवला. मुंबईला हवा भरायचे प्लास्टिकचे पिवळे पंख मिळतात, दंडात घालायचे. दाणे पडायचा प्रश्नच नाही.

कलाबाईंनी विचारलं, "फुटल्यावर?"

"फुटल्यावर नवे आणू की."

"नवे आणाल हो. जुन्याचं काय?" खरेदीत मी कधीच न विचारलेला चौथा प्रश्न तो हाच.

"टाकून द्यायचे उकिरड्यावर."

"ताई, उकिरडा म्हणजे तुमची कचरापेटी नव्हं," कलाबाई हसून म्हणाल्या. "त्यातलं खत मी दरसाल वाफ्यात पसरते. आज टाकलं ते उद्या माझ्याच मेथीत येतं. जे मोडल्यावर वाफ्यात घालता येत नाय, ते मी विहिरीत घेणार नाय."

कुणाशी भांडून नव्हे, भाजी निवडताना बोलावं तशा त्या हे बोलल्या. शुभांगीताईही हसल्या आणि म्हणाल्या, "मग बाई, बापाचेच भोपळे काढा!"

"तेच काढते," कलाबाई म्हणाल्या.

पावसाळ्यात त्यांनी मांडवाला गोल दुधीचा वेल लावला. मांडवभर फळं लटकली. ती वेलावरच निबर व्हायला हवीत. साल लाकडासारखी झाली, आतला गर वाळला, की भोपळा पाण्यात चेंडूसारखा राहतो. श्रावणात मी भाजी घ्यायला गेलो, तर मांडव रिकामा आणि कलाबाई कमरेवर हात ठेवून नवऱ्यासमोर उभ्या.

"अहो, माझे भोपळे?"

"गेले की बाजारात," गोटीराम समाधानाने म्हणाले. "कवळे लुसलुशीत होते. गिऱ्हाईकं हातातून ओढत होती."

"अवो, ते पोहायचे होते!"

"भोपळे?"

"भोपळे नव्हं, पोरी!"

गोटीरामांना सगळं ठाऊक होतं. पण पहाटेच्या अंधारात हाताला कोवळं फळ लागलं, की त्यांचा विळा थांबत नसे. त्यांच्या वडिलांचाही थांबत नसावा. वेलावर फळ निबर होऊ देणं म्हणजे त्या घराण्यात आळशीपणाची कमाल.

"लोकं काय म्हणतील?" ते माझ्याकडे वळून म्हणाले. "गोटीरामच्या मळ्यात तोडायला माणूस नाय का? तुम्ही सांगा साहेब."

मी टोपलीतली दोडकी निवडायला लागलो. वेलाला पुन्हा फळं धरली. पुढच्या आठवड्यात तीही गेली. गोटीराम दर वेळी कळवळून माफी मागायचे आणि दर वेळी विळा चालायचा. पाऊस सरत आला होता. आता धरलेली फळं हातची गेली असती, तर उन्हाळ्यापर्यंत भोपळे वाळले नसते.

तेव्हा कलाबाईंनी जुन्या लुगड्याचा काठ फाडला आणि एकेका फळाच्या देठाला चिंधी बांधली. भाजीवाल्यांच्या मळ्यात चिंधी बांधलेलं फळ म्हणजे बियाला राखलेलं फळ. वेलावरचं सगळ्यात चांगलं एखादं फळ तसं राखतात. त्याला घरचे हात लावत नाहीत, चोरसुद्धा लावत नाही. इथे मात्र मांडवातलं प्रत्येक फळ चिंधी बांधून लटकत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोटीराम विळा घेऊन मांडवाखाली उभेच राहिले. मग ओरडले, "अगं, एवढं बी पेरायला आख्खी पंचवटी लागंल!"

"लागू द्या," आतून आवाज आला.

त्यांनी विळा खाली केला. बियाच्या फळावर तो उचलणं त्यांच्या हातून झालंच नाही. वाडीतले लोक जाता-येता विचारायचे, "काय गोटीराम, बियाणं कंपनी काढली काय?" गोटीराम कपाळाला हात लावायचे. फळं निबर होऊ लागली तसा वेल थकला, नवी फुलं धरेना, बाजारात न्यायला दुधी उरला नाही. त्यावरून त्यांनी कुरकुर पुष्कळ केली, पण एकाही चिंधीला हात लावला नाही.

दिवाळीनंतर वेल सुकला. भोपळे छपरावर वाळत पडले. हिरवे होते ते पिवळे झाले, मग मातीच्या मडक्यासारखे दिसू लागले. कलाबाईंनी त्यांना काथ्याच्या जाळ्या विणल्या, सुती पट्टे शिवले. पहिले चार त्यांनी स्वतःच्या पाठीला बांधले आणि भर थंडीत विहिरीत उडी टाकून पाहिली. काठावर पती ओरडत होते, "वय काय, चाललंय काय!"

उन्हाळ्यात वर्ग भरला. त्याच दिवशी रावजींनी लोखंडी जाळी आणून विहिरीला टेकवून ठेवली. मग शिस्तीप्रमाणे दूर पंपाच्या खोलीमागे विडी ओढत बसले. मीही तिथेच होतो. विहिरीतलं दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. भोपळ्यांना भोक पाडलेलं नसल्यामुळे बिया आतच होत्या. मुलीनं उडी मारली, की खुळखुळ वाजायचं.

"वाजंत्री लावली का काय विहिरीत?" रावजी म्हणाले.

महिन्याअखेरीस वेदिका भोपळ्यांशिवाय विहिरीच्या दोन फेऱ्या मारू लागली. मे संपला, पाणी तळाला गेलं. रावजींनी कुणी न सांगता फुटबॉल वर काढला. त्याची जाळी बोटांनी चाचपली, उजेडात धरली. कलाबाई समोर उभ्या होत्या. पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं. जाळीत दोन पिंपळाची पानं होती, बाकी काही नाही.

"एक भोपळा फुटला म्हणं," रावजी म्हणाले. "त्याचं काय केलं?"

"दगडावर आपटला. टाकला उकिरड्यावर."

रावजींनी मान हलवली, फुटबॉल पाण्यात सोडला आणि निघून गेले. विहिरीची जाळी तशीच टेकलेली राहिली. काही दिवसांनी ती उकिरड्याजवळ आडवी पडलेली दिसली. कुणी नेऊन टाकली ते मी विचारलं नाही.

भाद्रपदात भाजीसाठी गेलो, तेव्हा फुटक्या भोपळ्याच्या बिया उकिरड्यात रुजल्या होत्या. वेल चढत चढत रावजींच्या त्या लोखंडी जाळीवर पसरला होता, आणि त्याला गोल, कोवळे दुधी लागले होते. गोटीराम विळा घेऊन समोर उभे होते. हात पुढे गेला, थांबला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खांद्यावरच्या जुन्या उपरण्याची कड दातांनी फाडली आणि पहिल्या फळाच्या देठाला गाठ मारली.

"पुढल्या उन्हाळ्यात पोहायला पोरी वाढणार म्हणं," मला पाहून ते जरा रागानेच म्हणाले, आणि दुसरी चिंधी फाडायला लागले.