पुदिन्याच्या पाच कुंड्या

माझ्या हातून आजवर एकच पीक मेलं. तेही शेतात नाही, पुण्यातल्या एका बड्या हॉटेलात, झुंबराखाली, पांढऱ्याशुभ्र टेबलावर, दुपारी चार वाजता.

हल्ली मी थीमच्या चहाला सराईतासारखी जाते. (थीम म्हणजे काय, तर चहा तोच, पण त्या दिवशी त्याला सोंग दिलेलं असतं. कधी आंब्याचं, कधी राजवाड्याचं.) तीन मजली ताटली आली की कुठल्या मजल्यापासून सुरुवात करायची, हे मी आता शेजारच्या टेबलालाही सांगते. पण पहिल्या चहाला गेले तेव्हा मी पन्नाशीची होते, आणि पिंपरी पेंढारमध्ये माझ्याइतकी शहाणी बाई दुसरी नाही, असं माझं पक्कं मत होतं. (इतर कुणाचं तसं मत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.)

तर आमच्या महेशचा पुण्याहून फोन आला.

"आई, प्राजक्ताच्या आईंनी आपल्याला चहाला बोलावलंय. मोठ्या हॉटेलात. बागेची थीम आहे."

"मग बागेतच बोलवायचं की! आपलं डाळिंब काय वाईट आहे?"

"आई, थट्टा नको. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत. प्राजक्ताला वडील नाहीत, ती त्यांची एकुलती एक मुलगी. शेतकऱ्याच्या घरात द्यायला त्यांचं मन होत नाहीये. तुला भेटून मग काय ते ठरवणार. सगळं तुझ्यावर आहे!"

सगळं माझ्यावर! मी इतकी हरखले, की त्या दिवशी म्हशीला दोनदा पेंड घातली आणि ह्यांना एकदाही चहा दिला नाही.

महेशनं सांगितलं होतं, फुलाफुलांचे कपडे हवेत. मी जर्द गुलाबी मोठ्या फुलांची साडी काढली आणि ह्यांच्यासाठी नारायणगावातून जास्वंदीचा शर्ट आणला. त्यावर ह्यांनी नेहमीची पांढरी टोपी चढवली आणि आरशात बघून म्हणाले, "बुजगावणं दिसतोय मी."

"बागेत बुजगावणं लागतंच! चला!"

पावण्यांकडं रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून पिकअपमध्ये टोमॅटोचे दोन क्रेट टाकले. हे गाडी चालवत होते आणि मी रीतभात शिकवत होते.

"हे बघा, हपापल्यासारखं करायचं नाही. पहिल्यांदा विचारलं की म्हणायचं, 'नको.' दुसऱ्यांदा विचारलं की, 'आत्ताच झालं.' तिसऱ्यांदा आग्रह केला की, 'बरं, तुमचा मान म्हणून.' आणि मग खायचं."

"आन् तिसऱ्यांदा इचारलंच न्हाई तर?"

"असं कुठं असतं का? माणसं आहेत ती!"

"लई भूक लागलीय गं. सकाळपासून तू भाकर दिली न्हाईस."

"मुद्दामच! पोटात जागा नको?"

हॉटेलच्या दारात रखवालदारानं आधी टोमॅटो बघितले, मग जास्वंद बघितली. म्हणाला, "भाजीची गाडी मागच्या गेटानं."

"आमी भाजी न्हाई, पावणं हाय!" हे गरजले. पण रखवालदार पडला शिस्तीचा. त्यामुळे आम्ही त्या आलिशान हॉटेलात शिरलो ते भटारखान्यातून, कांदे सोलणाऱ्या दोघांना रामराम घालत. पिकअप राहिली मागच्या गेटात.

आत मात्र काय थाट! छताला वेली, खुर्च्यांना गुलाब, कोपऱ्यात एक बाई डोळे मिटून पियानो वाजवतेय. मला तर अंगणात पहिल्यांदा मांडव बघणाऱ्या पोरीसारखं झालं. टेबलाशी महेश, प्राजक्ता आणि तिच्या आई. बाईंचा चष्मा नाकाच्या टोकाला, पाठ पट्टीनं आखल्यासारखी. मांडीवर मोठी काळी पर्स. हसू नाही. टेबलावर तीन मजली ताटली, आणि प्रत्येकापुढं एक चिमुकली मातीची कुंडी, तीत पुदिन्याचं रोप. पाच माणसं, पाच कुंड्या.

वेटर वाकून म्हणाला, "मॅडम, चहा कोणता घेणार?"

मी गोड हसून म्हणाले, "नको."

तो म्हणाला, "बरं," आणि गेला! लेकरू सरळ निघूनच गेलं!

बाईंनी विचारलं, "तुम्ही चहा घेत नाही?"

झालं, दुसरी वेळ आली. मी आनंदानं म्हणाले, "आत्ताच झालं!"

"मग राहू दे. मग मीही नाही घेत," बाई म्हणाल्या.

आणि तिसरी वेळ आलीच नाही.

महेशनं टेबलाखालून मला लाथ मारली. (ती ह्यांना लागली. ते दचकून "आत्ताच झालं!" म्हणाले.) आम्ही हात लावत नाही म्हणून बाई लावेनात, बाई लावत नाहीत म्हणून आम्ही लावेना. ताटलीतली सँडविचं आमच्याकडं बघत वाळायला लागली. ह्यांच्या पोटातून असा आवाज आला, की पियानोवाल्या बाईनं डोळे उघडले!

तेवढ्यात एक माणूस सांगत आला, की टोमॅटोच्या गाडीनं मागची वाट अडवलीय. ह्यांनी किल्ली दिली, महेश उठला, त्याच्यामागं प्राजक्ताही. उरलो आम्ही तिघं. मी मान वर करून झुंबर न्याहाळत राहिले. न्याहाळून न्याहाळून मान अवघडली, तेव्हा खाली बघितलं तर कुंड्या चारच! म्हटलं, भुकेनं डोळे फिरले असणार.

पण त्या चार कुंड्यांकडं नजर गेली आणि माझ्यातली शेतकरीण जागी झाली. रोपं पार मलूल! मी माझ्या कुंडीत बोट खुपसलं. बाई बघत होत्या. मला हीच संधी वाटली. शेतकऱ्याची बाई काय चीज असते, ते कळू दे एकदा!

"माती लई छान आहे बरं का," मी म्हणाले, "काळीभोर, भुसभुशीत. शेणखत चांगलं पडलंय. पण पाणी नाही हो! एवढं भारी हॉटेल, पण रोपांकडं लक्ष नाही."

बाईंचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. पुढं झुकून म्हणाल्या, "पुदिन्याला पाणी किती लागतं हो? माझ्याकडे जगतच नाही."

अशी विद्यार्थिनी मिळाल्यावर मी थांबते होय! काचेचा जग उचलला, चारही कुंड्यांना भरपूर पाणी दिलं, बोटांनी माती दाबली, ह्यांच्याकडून काडेपेटीतल्या काड्या मागून रोपांना आधारसुद्धा दिला. हे म्हणाले, "आता दोन दिसांत टरारून येतील!"

तेवढ्यात महेश आणि प्राजक्ता परत आले, आणि त्यांच्यामागून वेटर. त्यानं कुंड्या बघितल्या आणि हातातला ट्रे शेजारच्या टेबलावर टेकवला.

"मॅडम... ते डेझर्ट आहे!"

"काय आहे?"

"गोड पदार्थ. खायचा. वरची माती म्हणजे चॉकलेट केकचा चुरा. खाली क्रीम असतं... असायचं."

महेशनं डोळे मिटले. मला माझ्या पोराचं लग्न त्या चिखलात बुडताना स्पष्ट दिसलं. अशा वेळी शहाणी बाई गप्प बसते. मी म्हणाले, "माहितीये मला! आमच्याकडं हे पाणी घालूनच खातात. कालवून!"

आणि चमचा घेऊन कालवलं. आणि खाल्लं. भाताच्या खाचराला चॉकलेट लावलं तर कसं लागेल, तसं लागत होतं. दुसरी कुंडी ह्यांच्यापुढं सरकवली. सकाळपासूनचा उपाशी माणूस, पण त्या दिवशी पहिल्यांदाच मनापासून म्हणाला, "नको. आत्ताच झालं."

वेटर मात्र टेबलाखाली वाकून काहीतरी शोधत होता. "पाच ठेवल्या होत्या. पाचवी कुठं गेली?"

बाई हळूहळू लाल होत गेल्या. मग त्यांनी मांडीवरची पर्स उघडली. आत कुंडी आडवी! किल्ल्या, रुमाल, शाळेचा शिक्का, सगळ्यावर काळीभोर, भुसभुशीत माती, आणि मधोमध क्रीमचा डोंगर.

"मला वाटलं, पाहुण्यांना भेट देतात," बाई पुटपुटल्या. "तुम्ही झुंबर बघत होतात तेव्हा उचलली. म्हटलं, खिडकीत लावावी."

आधी प्राजक्ता फिसकन हसली. मग बाई. अशा हसल्या की चष्मा ताटलीच्या दुसऱ्या मजल्यावर पडला. डोळे पुसत मला म्हणाल्या, "ताई, भीती एकच होती. माझी पोर कामात धांदरट आहे. तुमच्याकडं काही सांडलं, चुकलं, तर तिला बोल लावाल."

"बोल लावायला आता मला तोंड आहे का, बाई?" मी म्हणाले. तोंडाला चॉकलेट होतंच.

"मग आता तरी चहा घ्याल?"

तिसरी वेळ! हे खुर्चीतून अर्धे उठून ओरडले, "घेतो! तुमचा मान म्हणून!"

लग्न ठरलं. हॉटेलातून निघताना बाई टोमॅटोचा एक क्रेट घेऊन गेल्या, दुसरा आम्ही कांदे सोलणाऱ्यांना दिला.

तेव्हापासून आम्ही दोघी विहिणी मिळून असे चहा पालथे घालतोय. गेल्या महिन्यात नातीनं, ईशानं, आम्हाला तिच्या वाढदिवसाला नेलं. टेबलावर मधोमध कुंडी, तीत पुदिना. विहीणबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी ईशाला म्हणाले, "बघ हं, अडाणी माणसं याला पाणी घालतात." आणि चमचा भरून, वेटर धावत येईपर्यंत, तोंडात टाकला.

"आजी, अहो, ती खरी कुंडी आहे! शोभेची!" वेटर धापा टाकत म्हणाला.

आता काय सांगू? या वेळी शेणखत खरंच चांगलं पडलं होतं!