फळी लागल्याबिगर ब्रेक सोडायचा नाही

शिक्रापूरच्या चौकात एका कंटेनरमागं आमची रिक्षा अडकली होती. रज्जाक ज्या हॉस्पिटलात होता त्याची पाटी समोर दिसत होती, आणि मी जागचा हलत नव्हतो. तेवढ्यात त्याच्या मुलीचा, शबानाचा, फोन आला. "काका... आता सावकाश या." जन्मभर मी उशिरा पोचणारा माणूस, रज्जाक त्यावरून मला मनसोक्त शिव्या घालायचा. त्या दिवशी शिव्या घालायलाही तो थांबला नाही.

रज्जाक वडगाव रासाईचा वेल्डर. शेडवरून पडला आणि चाकाच्या खुर्चीला खिळला. शबाना नोकरीसाठी जपानला गेली, तिनं बापाला बोलावलं, आणि सोबतीला निघालो मी, त्याचा जुना दोस्त, दौंडचा रिटायर शाळामास्तर. खुर्ची ढकलायला घेतली की ती हमखास खांबावर नेणारा. तिथं रेल्वेची एक पद्धत होती. खुर्चीवाला गाडीत बसला की स्टेशनातला माणूस पुढं फोन करतो. जिथं उतरायचं तिथं, बरोबर आपल्या दारासमोर, दुसरा माणूस खुर्ची उतरवायची घडीची फळी घेऊन उभा. रज्जाक त्यावर खूश. "आपुन पोचायच्या आदी कुणीतरी वाट बघत उभं हाय... लई ब्येस, मास्तर." त्यानं नियमच केला, फळी लागल्याबिगर खुर्चीचा ब्रेक सोडायचा नाही.

एका दुपारी शबाना कामावर असताना आम्ही दोघंच खेड्याकडच्या गाडीत बसलो. मध्येच गाडी थांबली, फलाटावर चहाचं मशीन दिसलं, आणि माझ्यातला दौंडकर जागा झाला. आमच्या जंक्शनला गाडी थांबली की चहा पिऊन, पेपर चाळून, वर शिळोप्याच्या गप्पा मारून परत चढता येतं! मी उतरलो, बटण दाबलं. डब्यात निघालं मक्याचं गरम सूप. मागं वळलो तर दार बंद, आणि काचेआडून सरकत जाणारं रज्जाकचं तोंड. त्याच्याकडं ना भाषा, ना फोन. त्याचा मोबाईल माझ्याच खिशात.

पुढच्या गाडीनं पुढच्याच स्टेशनात शिरलो तर रज्जाक फलाटावर. एकटा, ब्रेक लावून, समोरच्या भातशेताकडं बघत.

"तुला उतरवलं कुणी?"

"फळीवाला आला व्हता की. टोपी पार नाकापत्तुर. बोलला न्हाई. म्या इचारलं, आता कुठं? तर हातानंच म्हणला, बस हितंच, आजून येळ हाय."

मी आभार मानायला निघालो. तिकिटाची खिडकी बंद, कड्यांना कोळ्याची जाळी लागलेली. फळी कुठंच नाही. संध्याकाळी शबानानं चौकशी केली तेव्हा कळलं, त्या स्टेशनात कधीपासून माणूसच ठेवत नाहीत, आणि अशा ठिकाणी एरवी फळी लावणारा गाडीचा ड्रायव्हरही खाली उतरला नव्हता. रज्जाकला त्याचं काहीच वाटलं नाही. मला एवढंच म्हणाला, "परत मला सोडून उतरू नको, मास्तर." मी हो म्हणालो.

आणि मी कंटेनरमागं असताना तो उतरून गेला... तो कसा गेला हे विचारायची हिंमत होईना. रज्जाकची बायको, भाभीच बोलली. "डोळं मिटल्यालं व्हतं, भाऊ. उजवा हात पलंगाच्या कडंला कायतरी चाचपत व्हता. मग बोटं अशी पुढं ढकलली आन्... झालं." तिनं करून दाखवलं. ती खूण मी रोज बघत आलो होतो. तो ब्रेक सोडत होता.

परवा वडगावला गेलो. जपानहून आल्यावर त्यानं उंबऱ्यासाठी करून घेतलेली बाभळीची फळी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. खुर्ची कोपऱ्यात, घडी घालून. भाभीनं चहा केला, समोर बसून रज्जाकच्या गोष्टी काढल्या. घरात तिसरं कुणी नव्हतं. निघताना दार उघडलं, तर फळी उंबऱ्याला लागलेली. नीट, मधोमध.

मी कडेनं, फळीला पाय न लावता, या वयात पायरीवरून सरळ उडी मारली. गुडघा लचकला. तो धरून अंगणात उभा राहिलो आणि हळूच म्हणालो, "रज्जाक, मला आजून येळ हाय रं..."