पुढची दांडी

शाळेतल्या पोरांना बटाटे उकडून घालण्यात विल्मा कुडर्नाची उमर गेली. नवरा बसल्या जागी घोरणारा, पोरं ओमाहा शहरात पांगलेली. पन्नाशीला टेकल्यावर बाईनं मनात घेतलं, विमान चालवायचं, आणि तेही एकटीनं. नेब्रास्कात आमच्याकडं हे जगावेगळं नाही. मक्याच्या रानाकडेला गवताची एक पट्टी कापली की झाला विमानतळ. शिकवायला एमिल झायीक होता, पण त्याचं विमान गारपिटीनं चाळण केलेलं. "तुझं तू आण, मग शिकवतो," म्हणाला.

तिनं अ‍ॅग्नेस ह्रोमासचं घेतलं. अ‍ॅग्नेसचा नवरा लाड आदल्या थंडीत गेला, तेव्हापासून त्याचं विमान गोठ्यात कोंबड्यांच्या खाली पडून होतं. पिवळं, कापडी अंगाचं, माणसं एकामागं एक बसणारी. दोघांच्या पुढ्यात विमान हाकायची एकेक दांडी आणि आतून दोन्ही जोडलेल्या. मागची हलवली की पुढची हलणार; मागं ओढली की विमानाचं नाक वर. एकट्यानं उडवायचं तर मागं बसायचं, नाहीतर तोल जातो.

विल्मा विमानावरची कोंबड्यांची शीट खरवडत होती, तेव्हा अ‍ॅग्नेस दारात उभी राहून म्हणाली, "ने बाई, पर संध्याकाळचं उडवू नगंस."

"का गं?"

"त्यो त्याच येळंला घरी यायचा."

उन्हाळाभर एमिल पुढं बसून शिकवत राहिला. विल्माला उडणं आलं, वळणं आलं. उतरणं तेवढं येईना. जमीन अंगावर आली की हातपाय गार, आणि एमिलचा हात दांडीवर. शेवटी तो वैतागला. "उद्या एकटीच जा. मेलीस तर तुझी तू."

त्या विमानाला चावी नव्हती. नाकावरचा पंखा हातानं फिरवून इंजिन लावायचं. त्याआधी शेपूट खांबाला बांधायचं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या सकाळी विल्माला कोण घाई. आत्ता बसायचं आणि आत्ता सोडायचं, बांधायचं कशाला? तिनं पंख्याला हिसडा दिला. इंजिन एकदम डरकाळलं आणि विमान चालू लागलं. ती पंखाच्या दांड्याला लोंबकळली, गवतातून फरफटली, हात सुटला. विमान पट्टीच्या टोकाला जाऊन सरळ उठलं आणि मक्यावरून गेलं.

गाव रस्त्यावर आलं. शाळेतली पोरं तळघरात घातली.

"कोण हाय त्यात?"

"कुणी न्हाई."

"मग वळतंय कसं?"

विमान गावाभोवती घिरट्या घालत राहिलं. वर चढेना, खाली येईना. दुपार कलली, पेट्रोल सरलं आणि आवाज बंद झाला. विमान पश्चिमेकडून वळलं, अ‍ॅग्नेसच्या कुरणात कापूस पडावा तसं टेकलं आणि घरासमोर थांबलं. अंगावर ओरखडा नाही.

विल्मा आणि एमिल गाडीनं तिथं पोचले, तर अ‍ॅग्नेसच्या चुलीवर कॉफी. "त्यानं घरावर तीन घिरट्या घातल्या की मी कॉफी ठेवायची. आज बी ठेवली गेली," म्हणाली, पण विमानाकडं बघेना.

एमिलनं पेट्रोल ओतलं. "लोक म्हणत्यात, जाळून टाक. मी म्हणतो, आज बसली न्हाईस तर जन्मात बसणार न्हाईस."

"सांज झालीया, एमिल."

"मग?"

अ‍ॅग्नेस हळूच म्हणाली, "मला बी शिकवायचा त्यो. वरसानुवरसं पुढं बसला. एकदा बी मला उतरवू दिलं न्हाई. दांडी सोडायचाच न्हाई मेला."

विल्मा बसली. एमिलनं पंखा फिरवला.

वर ऊन लाल झालं होतं. समोरची सीट रिकामी, आणि सीटपुढची दांडी तिच्या दांडीबरोबर हलत होती. कुणी न धरता, निमूट. तिकडं बघायचं नाही असं ठरवूनही नजर तिथंच जाई. एमिलची पट्टी दिसली. विल्मा खाली उतरू लागली. जमीन अंगावर येऊ लागली.

आणि पुढची दांडी मागं आली. तिनं आपली हलवली नव्हती. तिची दांडी तिच्या तळव्याला दाबत होती, अलगद, जाणत्या हातानं. नाक नेमकं पाहिजे तेवढं उचललं गेलं. नुसता हात सैल सोडला असता तर विमान पुन्हा कापसासारखं टेकलं असतं. पण मग ते उतरवलं कुणी म्हणायचं?

स्वयंपाकघरात पाव चोरणाऱ्या पोरावर ओरडावं तशी ती ओरडली, "लाड ह्रोमास, हात काढ!"

तिनं अंगातल्या जोरानं दांडी पुढं रेटली. पुढच्या सीटवरून कुणी ती मागं ओढत होतं. खांदे भरून आले. मग ओढ एकदम सुटली. विमान आदळलं, उडालं, पुन्हा आदळलं आणि एक पंख मक्यात घालून थांबलं.

एमिल गाडी पळवत आला. "गाय दरडीवरनं पडावी तसं पाडलंस गं!"

"मीच पाडलं नव्हं?"

"मग काय मी?"

इंजिन बंद होतं. पुढची दांडी अजून थरथरत होती.

नंतर पुष्कळ वर्षं विल्मानं ते विमान उडवलं. उतरणं शेवटपर्यंत तसंच, आदळआपट. नवऱ्यानं एकदा हौसेनं पुढं बसू का विचारलं, तर म्हणाली, "नगं. तिथं एकाशी भांडतीया तेवढं पुरं."