दिव्यावर चिकटवलेला देव

आमची व्हॅन जुनी, पेट्रोलवर चालणारी. मी घरी स्वयंपाक करते आणि तिच्यातून एमआयडीसीतल्या एका कारखान्यात दुपारचं जेवण पोचवते. गेल्या उन्हाळ्यात ती चढावर आचके द्यायला लागली. सिग्नलला बंद पडायची, मागून काळा धूर सोडायची. दोनदा जेवण उशिरा गेलं. कारखान्याच्या साहेबांनी सांगितलं, आणखी एकदा असं झालं तर जेवण दुसरीकडून घेऊ.

गाडीचं बघणं धाकट्या दिरांकडे. बघणं म्हणजे रविवारी धुणं आणि हार घालणं. चालवते मी. धुराचं त्यांना सांगितलं तर म्हणाले, "वहिनी, म्हातारी झालीया गाडी. जरा खोकणारच की."

शेवटी जेवण पोचवून मी ती थेट उद्यमनगरातल्या गॅरेजला नेली. कळल्यावर दीरही तिथं आलेच. मेस्त्री माझ्याकडे न बघता त्यांना विचारत होता.

"पावणं, इंजिनचा पिवळा दिवा लागतोय का?"

"न्हाय."

मेस्त्री आत वाकला. डॅशबोर्डवर जोतिबाचं स्टिकर होतं. "दिवा हितंच असतोय की ओ," तो म्हणाला, पण देवाला हात लावेना. दीर रस्त्याकडे बघायला लागले. मी नखानं स्टिकर सोडवलं. खाली दिवा पेटलेला होता.

"कधीपासून, भावजी?"

"दिवाळीपास्नं असंल. तुमी घाबरशीला म्हणून झाकला. म्हटलं, देव सांभाळून घेईल."

माझं डोकं फिरलं. देवाच्या तोंडाआड माझा धंदा बुडत होता आणि मी रोज त्याच देवाला हात जोडून गाडी सुरू करत होते.

मेस्त्रीनं मशीन जोडून पाहिलं. ऑक्सिजन सेन्सर गेला होता. सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला अंगठ्याएवढा भाग. धुरात ऑक्सिजन किती उरला ते तो इंजिनला सांगतो. तो गेला की इंजिन अंदाजानं पेट्रोल ओतत राहतं.

"काय करूया, पावणं?" मेस्त्री पुन्हा दिरांनाच म्हणाला. "वायर काढून टाकतो आणि दिव्याचा बल्बबी काढतो. कटकटच नको."

दोघं हसले.

"गाडी माझी आहे," मी म्हणाले. "माझ्याशी बोला. सेन्सर नवा बसवा."

"वैनी, गंजून बसलाय. पाइपातच तुटंल."

"मग पाइपही बदला."

त्यानं तेल मारलं, इंजिन तापवलं, पान्याला लांब पाइप लावून जोर केला. सेन्सर हलेना. दीर पांढऱ्या शर्टात कमरेवर हात ठेवून उभे होते. "इस्त्री मोडू दे, भावजी," मी म्हणाले, "धरा." त्यांनी धरलं. कर्रकन आवाज झाला आणि काजळीनं माखलेला सेन्सर फिरून बाहेर आला. नवा सहज बसला. दिवा विझला, इंजिन एका लयीत चालू लागलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी व्हायच्या आत भांडी कारखान्यात उतरली. साहेबांनी भाताचं झाकण उचलून वाफ बघितली आणि म्हणाले, "असंच येत जाऊ द्या." काम टिकलं.

रात्री जेवताना दीर माझ्या नवऱ्याला सांगत होते, "सेन्सर गेलता, दादा. म्हटलं बदलूनच टाकूया. बसवून आणला."

"बरं झालं, तू होतास," नवरा म्हणाला.

मी भाकरी वाढली. रविवारी दीर किल्ली मागायला आले. मुरगूडला, सासुरवाडीला जायचं होतं.

"एसटी आहे," मी म्हणाले.