सुमनताईंचा खड्डा

वकिलाकडे किस्से कसे साचतात, सांगू? केस पुढे सरकत नाही, नुसती तारीख पडते, आणि तोवर माणसं बोलत बसतात! एकट्या सुमनताईंच्या केसने माझी झोप उडवली.

सुमनताई आमच्या तालुक्याच्या गावात ब्लाउज शिवतात. दुकानासमोर फुटपाथची फरशी खचली, त्या पडल्या, उजवं मनगट मोडलं. मशीन बंद, गिऱ्हाईकं दुसरीकडे. म्हणून पालिकेकडे भरपाई मागितली.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणे, आराम करा. मी म्हटलं, लग्नसराईचे ब्लाउज तुम्ही शिवून देता का जी?"

*

साक्षीदार हवा होता. समोरचा पानवाला लगेच तयार झाला.

"मी पाह्यलं ना साहेब! कोर्टात सांगतो. फक्त गड्डा बुजवू नका म्हणा. लोकं पाहाले थांबतात, अन् पान खाऊन जातात!"

*

पालिकेत गेलो. तिथले साहेब माझ्यावरच चिडले.

"बाई फुटपाथवरून कायले चालत होत्या? सारं गाव रस्त्यावरून चालते!"

*

मग पालिकेचं उत्तर आलं. खड्ड्यात बाभळीची फांदी खोचलेली होती, म्हणजे इशारा होता, बाईच बेपर्वा!

मी तडक दुकानात. "ताई, फांदी कोणी खोचली?"

"मीच. पडल्यावर. डाव्या हातानं."

मी कपाळ बडवून घेतलं. "पालिकेची पाहणी होईस्तोवर काढून ठेवा. साहेबांना खड्डा होता तसाच दिसू द्या."

त्यांनी काढली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर फांदी परत जागेवर!

"आता काहून लावली?"

"बोरी अरब गावाहून म्हाताऱ्या येतात शिवाले टाकाले. एखादी पडली तर? मले चैन नाही पडत."

चैन मलाही नव्हती. त्या हाताची काळजी होतीच, पण खरं सांगतो, रागच जास्त यायचा.

*

पाहणीच्या दिवशी मी स्वतः फांदी उपटली आणि लांब फेकून आलो. बोटात काटा गेला तो वेगळाच.

साहेब आले. टेप लावून खड्डा मोजला, आत काठी घालून पाहिली. मी मनातून खूश. मग ते क्लार्ककडे वळले. "लिहा. खड्डा आहे. पण लोकांना सावध करायची व्यवस्था चोख आहे."

"कुठे आहे व्यवस्था?" मी ओरडलोच.

साहेबांनी पेनाने दाखवलं. खड्ड्याच्या कडेला, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून, सुमनताई स्टुलावर बसल्या होत्या.

"बाजूनं या जी काकाजी," त्या एका म्हाताऱ्याला सांगत होत्या, "इथं गड्डा आहे."